सातवी सुई

उर्मिलाच्या सुया सात. बिस्किटांच्या जुन्या डब्याच्या झाकणाला आतून लाल फ्लॅनेलचा तुकडा चिकटवलेला, त्यावर ओळीने टोचलेल्या सात. लेक इशिता रांगायला लागली तेव्हापासूनचा तिचा नेम होता, शिवण उचलायच्या आधी मोजायच्या आणि ठेवताना मोजायच्या. तुळशीला पाणी, देवापुढे दिवा, शनिवारी मारुतीला तेल, तसाच सुयांचा हाही नेम. तिचा नवरा जितेंद्र हसायचा. म्हणायचा, "शाळेत हजेरी घ्यायला पाठवायला हवं तुला. एकही पोर दांडी मारणार नाही."

त्या सोमवारी सकाळी साडेदहाला तिने झाकण उघडलं आणि सुया सहा भरल्या.

फिरून मोजल्या. एकेका सुईवर बोट ठेवून मोजल्या. डबा उपडा केला, रिळं झटकली, फेल्ट कापडाचे तुकडे एकेक करून उन्हात धरले. सहाच. कुणाला हाक मारून विचारावं, तर तीही सोय नव्हती. सोमवार होता, आणि सोमवारी उर्मिलाचं मौन.

ते मौन होतं इशितासाठी. पोर साडेतीन वर्षांची झाली तरी तोंडातून एक शब्द नव्हता. हसायची, रडायची, हवं ते बोटाने दाखवायची, पण 'आई'सुद्धा नाही. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात कान तपासून झाले. कान ठीक होते. डॉक्टर म्हणाले, बोलेल, वाट बघा. घराजवळच्या, भाईंदरच्या जेसल पार्कातल्या बायकांनी मात्र वाट बघितली नाही, जी ती भेटेल तिथे विचारी, "अजून नाही?" शेवटी महाशिवरात्रीला उर्मिला शंकराच्या देवळात गेली आणि पिंडीवर हात ठेवून म्हणाली, "माझी वाचा घे, तिला दे. वर्षभर दर सोमवारी उठल्यापासून दिवेलागणीला उपास सोडेपर्यंत मी तोंडातून शब्द काढणार नाही. आणि मोडलं तर…" पुढचं ती बोलली नव्हती. जीभच अडली. पण देवाला अर्धं वाक्यही पुरतं, असं तिला तेव्हापासून वाटत आलं होतं. त्या न बोललेल्या अर्ध्या वाक्याची तिला दर सोमवारी भीती वाटायची.

कापडी पुस्तकाचं खूळ आलं ते त्याच हॉस्पिटलच्या बाकड्यावरून. शेजारी समुद्रकाठच्या उत्तन गावची बर्नडेट बसली होती, भावाच्या मुलाला घेऊन. तो ट्रॉयही उशिराच बोलला होता. बर्नडेट उत्तनला बालवाडी चालवायची, अकरा मुलं, चर्चमागच्या पत्र्याच्या खोलीत. ती म्हणाली, "पोरांच्या हातांना काम दे गं. बटण लाव, नाडी बांध, चेन ओढ. हात चालले की तोंड चालतं. आमच्या चर्चच्या सिस्टरांकडे असं एक पुस्तक होतं, सगळं कापडाचं. आता त्याच्या चिंध्या झाल्यात."

उर्मिलाने तिथल्या तिथे ठरवलं, दोन पुस्तकं शिवायची. एक घरात, एक बालवाडीत. आपल्या पोरीसाठी करायचं तर दुसऱ्याच्या पोरांसाठीही करावं, तेव्हाच ते पावतं, असं तिची आई सांगायची.

भाईंदरच्या गाळ्यांमध्ये कापडी खेळणी बनवणारा एक कारखाना होता. तिथलं उरलंसुरलं फेल्ट तिला मिळालं; लोकरीसारखं जाडसर, कापलं तरी कडेने धागे न सुटणारं. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर तिने एकेक पान आखलं. पहिल्या पानावर फूल, पाकळ्या बटणांनी लावायच्या. दुसऱ्यावर बूट आणि त्याची नाडी. तिसऱ्यावर चेनची पर्स. चौथ्यावर वाळत घातलेले कपडे, दोरीवरून काढायचे, पुन्हा घालायचे. पाचव्यावर लोकरीच्या केसांची मुलगी, तिची वेणी घालायची. शेवटच्यावर पापलेट, पोटात कापूस भरलेलं, टिचबटणाने पानावर बसणारं आणि काढता येणारं. ते पापलेट बर्नडेटचा हट्ट. "आमच्या पोरांना हत्ती नको," ती म्हणाली होती. "हत्ती त्यांनी कुठे बघितलाय? मासा दे."

इशिताला काहीही चघळायची सवय. फ्रॉकची कॉलर, उशीचं टोक, दोरी, सगळं तोंडात. म्हणून उर्मिलाने एकेका बटणाला सहा-सहा टाके घातले, आणि मग ते दातात धरून स्वतः ओढून बघितलं. सुटलं नाही तेव्हाच पुढचं. दोन्ही पुस्तकांची बारा पानं अशी तयार झाली. कुठलं पान कुठल्या पुस्तकात जायचं ते ठरवलं नव्हतं. दोन्ही सारखीच होती.

आता शनिवारी संध्याकाळी काय झालं ते सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चढवायचा नाही, सुई तर हातात धरायचीच नाही. जमिनीखालच्या जिवाला टोचतं म्हणतात. पुष्कळजणी दिवस उजाडल्यापासून पाळतात. पण उर्मिलाच्या आईचा दंडक असा की तिथी लागली की लागली, मग सूर्य कुठेही असो. भिंतीवरच्या कॅलेंडरात पंचमीचा प्रारंभ संध्याकाळी सात बारा असा छापला होता. उर्मिला पान मांडीवर घेऊन शेवटच्या पापलेटात कापूस भरत होती. रेडिओवर सातच्या बातम्या संपत आल्या, तिची मान वर गेली, घड्याळात सात बारा होऊन गेले होते.  हातातली सुई हाताला येईल तिथे खुपसून तिने सगळं गाठोड्यात बांधलं, कपाटावर टाकलं आणि हात जोडले.

रविवारी उशिरा दुपारी पंचमी सरली. सोमवारी सकाळी बर्नडेट पुस्तक न्यायला येणार होती, म्हणून उर्मिला तडक बसली. डब्यातली दुसरी सुई ओवली, पापलेटाचं पोट शिवून बंद केलं, मग दाभण घेऊन दोन्ही पुस्तकांची पाठ बांधली. सहा-सहा पानं एकावर एक, डाव्या कडेला जाड कापडाची दुहेरी पट्टी, आणि त्यातून जाड दोऱ्याचे टाके. पाठ बांधून हात दुखून आले. शनिवारीही घाईत सुया मोजल्या नव्हत्या; रविवारी ना बसताना मोजल्या, ना उठताना. इशिता रांगायला लागल्यापासून मोजण्याचा नेम चुकला तो त्या दोन दिवसांतच.

सोमवारी सकाळी आठला बर्नडेट दारात. तिचा भाऊ मॅन्युएल टेम्पोतून मासळी घेऊन भाईंदरच्या बाजारात यायचा, परत जाताना तिला नेणार होता. जितेंद्र ऑफिसला निघतच होता. त्याने उर्मिलाचं मौन समजावून सांगितलं. "सोमवारचं असतं तिचं. इशूने बोलावं म्हणून."

बर्नडेटने पुस्तक छातीशी धरलं आणि हसून म्हणाली, "अगं बाय, पोर बोलत नाही म्हणून आईनेही बोलायचं नाही? मग सोमवारी तुमच्या घरात बोलतं कोण, कुकर?"

जितेंद्रला हसू आवरेना. उर्मिलाला ते बोलणं लागलं, पण ती मौनात होती, आणि मौनात रागही गिळायचा असतो. तिने बर्नडेटच्या हातात खडीसाखर ठेवली आणि दार लावलं.

आणि आता साडेदहाला सुया सहा.

शनिवारची सुई. घाईत खुपसलेली. पापलेटात कापूस भरत होते तेव्हा. मग ती पापलेटाच्या पोटातच राहिली, आणि वरून आपणच ते पोट शिवून टाकलं. 

इशिता खिडकीशी आपलं पुस्तक घेऊन बसली होती. उर्मिलाने ते ओढून घेतलं, पापलेट टिचकन सोडवलं आणि दाबलं. बोटांनी, मग दोन तळव्यांत, मग गालाशी धरून. शेपटीपासून तोंडापर्यंत चार वेळा. नुसता कापूस. सुई नव्हती. म्हणजे ती दुसऱ्या पापलेटात. उत्तनला. अकरा पोरांत.

तिची आई सांगायची, सुई अंगात शिरली की रक्ताबरोबर चालते आणि काळजाशी जाऊन थांबते. खरं-खोटं देव जाणे. पण त्या क्षणी तिला तेवढंच आठवत होतं. एखाद्या लेकराने पापलेट उराशी धरलं तर, त्यावर झोपलं तर, चावलं तर.

शेजारच्या सुलूचं दार तिने ठोठावलं. सुलू पदराला हात पुसत आली. "काय वहिनी? अहो, चेहरा बघा तुमचा. काय झालं?" उर्मिलाने इशिताची पाटी आणली होती. त्यावर लिहिलं, 'उत्तनला जाऊन येते. इशूला सांभाळ.' सुई हा शब्द लिहायला हात उचलला आणि खाली घेतला. सुलूच्या तोंडात तीळ भिजत नाही. सुईचं कळलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगीत, उर्मिलाने पोरांच्या खेळण्यात सुई शिवली. आणि इकडच्या पुस्तकात तर सुई नव्हतीच. इशिता भोकाड पसरायला लागली तसं उर्मिलाने तिचं कापडी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. पोर गप्प झाली आणि पुस्तकाची कड तोंडात घालून चघळायला लागली. उर्मिला जिन्याने धावली.

स्टेशनवरचा पूल ओलांडून ती पश्चिमेला आली तेव्हा उत्तनची बस उभी होती. श्रावणाचं ऊन-सावलीचं चाललेलं, पायाखाली चिखल. कंडक्टरने विचारलं, "कुठं?" तिने पिशवीतल्या कागदावर लिहिलेलं दाखवलं. त्याने एकदा कागदाकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं, आणि आवाज चढवून, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाला, "उत्तन. बरं. बसा. उतरायचं मी सांगतो."

शेजारी टोपली मांडीवर घेतलेली एक कोळीण होती. तिने मागच्या बाईला सांगितलं, "बोलाया न्हाय येत गो तिला. चेहरा कसा देखणा हाय बघ. देवाची करणी." मागची बाई चुकचुकली. "लग्न झालंय की. पोरंबाळं पण अशीच असतील काय गो?"

उर्मिला खिडकीबाहेर बघत राहिली. मिठागरांचे चौकोन मागे जात होते, त्यांत पाणी साचलेलं. त्या दोघी तिच्याविषयी बोलत होत्या, तिच्या देखत, ती भांडं असल्यासारखं. तिला एकदम वाटलं, आपल्या पोरीला हे जन्मभर ऐकावं लागेल. आणि आज जर आपण बोललो तर ते आपणच तिच्या कपाळी लिहिलं असं होईल. तिने ओठ आत घेऊन दातांखाली धरले. मनात म्हणाली, देवा, मी नाही बोलणार. पण तू त्या पोरांचे हात धर. मी पोचेपर्यंत धर.

बस दर थांब्यावर थांबली. कोणी कोंबडी घेऊन चढलं, कोणी सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी वाद घातला. प्रत्येक वेळी उर्मिला सीटची दांडी इतकी घट्ट धरे की हाताला गंज लागला.

बालवाडीची खोली तिला पत्र्यावरून ओळखता आली. दारात बारक्या चपलांचा ढीग. आत चटईवर मुलं गोल बसलेली, आणि मध्ये ते पुस्तक. एक मुलगा नाडी बांधत होता, दोघी वेणीवरून भांडत होत्या. पापलेट पानावर नव्हतं.

बर्नडेटने मान वर केली, तोंडभर हसली. "आलीस? बघायला आलीस ना? बघ कशी तुटून पडलीत. मी म्हटलं नव्हतं?"

उर्मिलाने हाताने खूण केली, मासा. हात हलवून शेपटी केली. बर्नडेटला वाटलं ती मुलांना मासा करून दाखवतेय. तिनेही तसाच हात हलवला, आणि अकराच्या अकरा पोरं हात हलवून मासे झाली. उर्मिलाने दोन बोटांनी सुई ओवल्याची खूण केली. "हो, छान शिवलंयस," बर्नडेट म्हणाली.

तेवढ्यात तिला पापलेट दिसलं. भिंतीला टेकून केली नावाची एक चिमुरडी बसली होती, गळ्यात क्रुसाची साखळी. पापलेटाला गालावरून फिरवत होती, कुरवाळत होती. मग तिने त्याची शेपटी तोंडात घातली.

उर्मिलाचं तोंड उघडलं.

"थांब," ती म्हणाली. "चावू नको. सुई आहे त्यात."

आवाज घोगरा आला, सकाळपासून न वापरलेला.  केलीने भिऊन पापलेट खाली टाकलं आणि रडायला लागली. बर्नडेटने आधी पोरीला उचललं, तिचं तोंड उघडून बघितलं, जीभ, हिरड्या, गाल. काही नव्हतं. मग तिने वळून उर्मिलाकडे बघितलं. उर्मिला चटईवर बसली होती.

"बोललीस तू," बर्नडेट हळू म्हणाली.

"बोलले." तिने डोळे मिटले. "मोडलं."

 बर्नडेटने मुलांना चटईच्या त्या टोकाला बसवलं, कात्री घेतली आणि उर्मिलासमोर बसली. "आधी मासा फाडू."

दोघींनी पापलेटाचं पोट उसवलं. कापूस पिंजून पिंजून बघितला, चिमटीएवढे पुंजके करून पांढऱ्या कागदावर ठेवले. सुई नव्हती. कातडीसारखं फेल्ट उलटं केलं. नाही. एकेक पान दाबलं. फूल, बूट, पर्स. नाही.

उर्मिलाला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटेना. सुई आहे कुठेतरी. सहा आणि एक सात होतात. ते कुणाच्या मानण्यावर नाही.

"मला सांग," बर्नडेट म्हणाली, "काम मधेच सोडतेस तेव्हा सुई कुठे खुपसतेस? माझी आई जाळं विणायची, ती नेहमी केसांत खोचायची. प्रत्येकीची जागा असते. आठवून नको सांगू. करून दाखव."

उर्मिलाने पुस्तकाचं एक पान उघडून मांडीवर घेतलं. शिवायला बसली तशी बसली, डोळ्यांपुढे काटा सात बाराच्या पुढे नेला, आणि हात आपोआप गेला. पापलेटाकडे नाही. पानाच्या डाव्या कडेला, जिथे काही शिवलेलं नसतं, जिथे भोक पडलं तरी पुढून दिसत नाही. तिथे तिची चिमूट थांबली.

 डावी कड पाठीत गेली होती. दुहेरी पट्टीच्या आत.

बर्नडेटने दाभणाचे टाके सपासप कापले. पाठ उलगडली. सहा पानांच्या सहा कडा, स्वच्छ. सुई नाही.

"मग दुसऱ्या पुस्तकात आहे," बर्नडेट म्हणाली, आणि मग तिलाच कळलं ती काय म्हणाली ते. "दुसरं कुठे आहे?"

 उर्मिलाच्या डोळ्यांसमोर इशिता होती, पुस्तकाची कड तोंडात घेतलेली. कुठली कड? तिने आठवायचा प्रयत्न केला आणि तिला आठवलं. जाड पट्टीची. चघळायला जाड तेच तिला आवडायचं.

"मी स्वतः दिलं तिच्या हातात," ती म्हणाली. "सुलूला सांगितलंसुद्धा नाही. मौन होतं म्हणून पाटीवर लिहिलं, आणि लाज वाटली म्हणून सुईचं लिहिलं नाही."

"फोन?"

"बिल्डिंगीत नाही."

"फादरांकडचाही पावसापासून बंद आहे." बर्नडेट दारात जाऊन ओरडली, "मॅन्युएल. ए मॅन्युएल. टेम्पो काढ."

मॅन्युएल बनियनवरच आला.  बहिणीच्या तोंडाकडे बघून त्याने किल्ली फिरवली. उर्मिला टेम्पोत चढताना बर्नडेटने खिडकीतून तिचा हात धरला. "माझाही दर महिन्याला नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा नोव्हेना असतो. नेम मोडल्यावर कसं वाटतं ते मला नको सांगू, मला ठाऊक आहे. पण तू आज बोललीस ते कुणाच्या पोरीसाठी बोललीस, तेही देवाने बघितलंय. जा."

रस्त्यावर मासळीचा वास आणि खड्डे. मॅन्युएल म्हणाला, "घट धर, बाय. रस्ता खराब हाय." थोड्या वेळाने म्हणाला, "आमचा ट्रॉय चार वर्सांचा व्हईतवर गप हता. आता त्याला गप बस म्हनून सांगावं लागतं." उर्मिलाने मान हलवली. तिला ऐकू येत होतं, पण आत शिरत नव्हतं. ती स्तोत्र म्हणायला लागली, मनात. दुसऱ्या ओळीवर अडकली, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा अडकली. पंधरा वर्षं रोज म्हटलेलं स्तोत्र. त्या वाटेवर तिला ते एकदाही पुरं आठवलं नाही.

मॅन्युएलने स्टेशनपाशी सोडलं तशी ती पुलावरून धावली. जेसल पार्कात शिरताना चप्पल तुटली ती तिथेच टाकली. तिसऱ्या मजल्यावर सुलूचं दार उघडं होतं. सुलू तांदूळ निवडत होती. "आलात? अहो, हूं की चूं नाही पोरीचं. त्या पुस्तकातच आहे केव्हाची. काय जादू केलीत वहिनी, मला पण एक…"

इशिता भिंतीशी बसली होती. पुस्तक उभं धरलेलं, पाठीची पट्टी तोंडात. हनुवटीवरून लाळ ओघळत होती, आणि लाळेबरोबर ओठांतून बाहेर आला होता एक राखाडी दोरा. वीतभर. पापलेटाच्या रंगाचा. पोर तो दोरा शेवईसारखा ओढत होती, चोखत होती, पुन्हा ओढत होती. दोऱ्याचं दुसरं टोक पट्टीच्या आत होतं.

उर्मिला गुडघ्यांवर बसली. हिसकावलं तर पोर दातांनी आवळेल. ओढलं तर दोरा ओढला जाईल, आणि दोऱ्यामागे सुई. नेहमीच्या सोमवारसारखी तिने हाताने खूण केली, दे. इशिताने पुस्तक आणखी घट्ट धरलं. सोमवारच्या खुणांना ती सरावली होती; त्यांकडे लक्ष दिलं नाही तरी चालतं हे तिला ठाऊक होतं.

"इशू," उर्मिला म्हणाली.

पोरीने चमकून वर बघितलं. सोमवारी आईला आवाज नसतो.

"इशू, तोंड उघड. आ कर. माझ्यासारखं. आ."

सुलूच्या हातातलं सूप तसंच राहिलं. उर्मिला मोठा आ करून बसली, डोळ्यांतून पाणी वाहतंय, तोंड वासलेलं. इशिताने तिच्या तोंडात बघितलं. नवल वाटून तिचंही तोंड उघडलं. पट्टी सुटली. उर्मिलाने दोरा दोन बोटांत धरला, पोरीच्या ओठांपाशी कापावा तसा दातांनी तोडला, आणि पुस्तक बाजूला घेतलं.

पाठ उसवायला लागलीच नाही. चघळून मऊ झालेल्या पट्टीच्या दोन टाक्यांमधून सुईचं नाकं वर आलं होतं, गव्हाच्या दाण्याएवढं, ओलं. अजून थोडा दोरा ओढला असता तर.

उर्मिलाने सुई काढली आणि सुलूच्या तळहातावर ठेवली. "ही शोधायला गेले होते," ती म्हणाली. "आता सांग सगळ्यांना. सांगायलाच हवं. मी सकाळी तुला सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती."

 सुलू म्हणाली, "मी कुणाला सांगते? तोंड बघा तुमचं. पाणी प्या आधी." आणि पाणी आणायला गेली ती आत जाऊन रडून आली.

दिवेलागणीला उर्मिलाने देवापुढे समई लावली. उपास सोडला नाही. घास उतरेना. इशिताच्या तोंडात तिने दिवसभरात सात वेळा बोट फिरवून बघितलं होतं, एक ओरखडा नव्हता. तरी भीती गेली नव्हती, नुसती जागा बदलून बसली होती. मौन मोडलं होतं. महाशिवरात्रीचं ते अर्धं वाक्य अजून देवळात तसंच लटकत होतं, कुणीही पुरं करावं असं. म्हणून तिने हात जोडले आणि ते स्वतःच पुरं केलं. मोठ्याने केलं, मनात नाही.

"मोडलं तर जे काय करायचं ते माझं कर. तिच्याकडे बघू नको. आणि सोमवारी मी आता गप्प राहणार नाही. सोमवारी मी तिच्याशी बोलेन, उठल्यापासून दिवा लागेपर्यंत, एकेका वस्तूचं नाव घेऊन. हाच माझा नेम. हा तरी मोडू देऊ नको."

समईची ज्योत जशी होती तशीच राहिली. देवाने हो म्हटलं की नाही, उर्मिलाला कळलं नाही. पुढेही कधी कळलं नाही.

जितेंद्र जिन्यात होता तेव्हा त्याला तिचा आवाज आला आणि त्याने घड्याळ बघितलं. दारात येऊन तो थांबला. जमिनीवर पुस्तकाची सुटी पानं पसरली होती, पाठ तिने मागाहून पुरती उसवलेली. इशिता आईच्या मांडीत. उर्मिला एकेक पान पुढे घेत होती. "हा बूट. ही नाडी. ही पर्स. हे पापलेट. मासा. उत्तनच्या मुलांनाही असाच मासा आहे, त्याचं पोट आईने फाडलं, उद्या शिवून द्यायचंय."

बोलून बोलून तिचा घसा बसला होता. इशिता पानांकडे बघत नव्हती. ती आईच्या गळ्याकडे बघत होती. मग तिने आपला ओला तळवा उर्मिलाच्या गळ्यावर ठेवला, जिथून आवाज हलत होता तिथे, आणि तो तसाच ठेवून दिला.

उर्मिलाने डब्याचं झाकण ओढून घेतलं. सातवी सुई लाल फ्लॅनेलवर टोचली.

"एक," ती म्हणाली. "दोन. तीन. चार. पाच. सहा. सात."

मोजणं संपलं तरी गळ्यावरचा हात हलला नाही. वाट बघत राहिला. तेव्हा उर्मिलाने पुन्हा पहिल्या सुईपासून सुरुवात केली.